मनात पाल चुकचुकते

मराठी माणसाचे आणि पालीचे नाते फार जुने आहे. पण ते प्रेमाचे आहे असे कोणी म्हणणार नाही. पाल ट्यूबलाइटच्या आडोशाला असते, भिंतीवरच्या घड्याळामागे असते, देवाच्या तसबिरीमागेही असते. ती तिथे आहे हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते आणि तरीही ती दिसली की आरडाओरडा होतो. आपल्या पंचांगात ‘पल्लीपतन’ म्हणून एक कोष्टक येते. पाल अंगाच्या कोणत्या भागावर पडली असता कोणते फळ, ते त्यात सांगितलेले असते. आणि एखाद्या गोष्टीचा संशय आला की आपण म्हणतो, ‘माझ्या मनात पाल चुकचुकली!’

अशा या पालीला आता बरे दिवस आले आहेत. अंधेरी-बोरिवलीच्या, मुलुंड-घाटकोपरच्या ब्लॉकांतून पाल ही पाहुणी म्हणून येऊ लागली आहे. तीही भिंतीवरून नव्हे, तर हजारो रुपये मोजून, काचेच्या पेटीत बसून, खाली उबेची गादी आणि वर दिवा अशा थाटात! कुत्रा भुंकतो म्हणून सोसायटीत भांडणे होतात, मांजर शेजारच्यांचे दूध पिते, पोपट पाळण्यास कायद्याने बंदी. मग चिरंजीव हट्ट धरतात तो या पालीचा. ती भुंकत नाही, फिरायला न्यावी लागत नाही, आणि दोन दिवस गावाला गेले तरी उपाशी मरत नाही. आजीबाई मात्र दाराआडून विचारतात, “अरे, फुकट होती ना भिंतीवर? ती का विकत आणलीस?”

आजीबाईंना सांगायला हवे की ही पाल ती पाल नव्हे. हिचे इंग्रजी नाव लेपर्ड गेको. आपण बिबट्या पाल म्हणू. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत हे हिचे मूळ माहेर. आपल्या भिंतीवरच्या पालीच्या पायांना चिकटणाऱ्या गाद्या असतात. हिला त्या नाहीत, म्हणून ही भिंत चढू शकत नाही. घरच्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात, आणि ही डोळे मिटून चक्क झोपते. शेपटी जाड असते, कारण संकटकाळची शिदोरी म्हणून चरबी त्या शेपटीत साठवलेली असते. नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षे जगते. हिची चुलत भावंडे आपल्या महाराष्ट्रातही आहेत, आणि सातपुड्यातल्या एका जातीचे शास्त्रीय नामकरण तर २०१४ सालीच झाले आहे.

इथपर्यंत सारे ठीक आहे. हौसेला मोल नाही, आणि मुक्या जिवाची हौस ही पत्त्यांच्या हौसेपेक्षा केव्हाही बरी. मनात पाल चुकचुकते ती पुढेच.

रानातली बिबट्या पाल पिवळसर, अंगावर काळे ठिपके, अशी असते. दुकानातली मात्र कधी शेंदरी, कधी पांढरीफटक, कधी लिंबाच्या रंगाची, कधी लाल डोळ्यांची. साड्यांच्या दुकानात जशी दर दिवाळीला नवी नावे ऐकू येतात तशीच या रंगांची नावे, आणि जितका रंग दुर्मिळ तितकी किंमत चढती. आता प्रश्न असा, की हे रंग येतात कुठून? रंगाऱ्याने तर दिलेले नसतात. ते रक्तातून यावे लागतात. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आणि हव्या त्या रंगाचे पाणी आडात साठवायचे तर त्याचा एक अगदी सोपा, स्वस्त आणि जुना मार्ग आहे. तो म्हणजे भावाला बहिणीशी आणि बापाला लेकीशी जुळवणे.

वाचकहो, नाक मुरडू नका. हे मी जनावरांविषयी लिहितो आहे आणि जनावरांना त्यात काही पाप नाही. पण पाप नसले तरी हिशेब आहे. तो हिशेब आपल्या घरच्या भाषेतच मांडू.

आपल्याकडे लग्न ठरवताना पहिला प्रश्न गोत्राचा. सगोत्र म्हणजे भाऊबहीण. तिथे बोलणे संपले. पण त्याच आपल्या महाराष्ट्रात कित्येक घरांतून मामाची मुलगी हक्काने सून म्हणून येते. म्हणजे एकीकडे सात पिढ्यांपूर्वीचे नाते निषिद्ध आणि दुसरीकडे सख्ख्या मामाच्या घरी वाजतगाजत वरात. यातले बरोबर कोणते हे या पानावर ठरवायचे नाही. प्राणिशास्त्र एवढेच सांगते, की प्रत्येक जिवाच्या देहात त्याच्या घडणीचा ग्रंथ दोन प्रतींत असतो, एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून. नकल करताना चुका होतातच. कोणाच्याही ग्रंथात अशा काही चुका दडलेल्या असतात. पण एका प्रतीतले पान फाटके असले तरी दुसऱ्या प्रतीतले शाबूत असते, त्यावर काम भागते, आणि ती चूक आयुष्यभर कोणाला कळतही नाही.

आता आई आणि बाप जर एकाच घरातले असतील, तर दोघांकडे तेच फाटके पान असण्याचा संभव वाढतो. अपत्याला दोन्ही प्रती फाटक्या मिळाल्या की दडलेले व्यंग उघडे पडते. याचा आकडाही काढता येतो. मामे-आते भावंडांच्या अपत्यात शंभरपैकी सव्वासहा जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या पानाच्या हुबेहूब नकला असतात. सख्ख्या भावाबहिणीच्या किंवा बापलेकीच्या अपत्यात शंभरपैकी पंचवीस जागी. आणि भावाबहिणीची जोडी तीन पिढ्या लागोपाठ लावत गेले, तर पन्नास जागी! म्हणजे निम्मा ग्रंथ असा, की एक प्रत हरवली तर दुसरीत तपासण्याची सोयच उरली नाही.

वाघाला एक पिढी पुरी करायला तीन-चार वर्षे लागतात. बिबट्या पाल वर्षाच्या आसपास वयात येते, एका वेळी दोन अंडी घालते, आणि एका हंगामात अशी अंडी अनेकदा घालते. शिवाय तिचे आणखी एक गंमतीचे लक्षण आहे. तिच्या पिलाचा नर की मादी हे आईबापांवर ठरत नाही, अंडे किती उबेत ठेवले यावर ठरते. सव्वीस अंशांच्या सुमारास ठेवले तर बहुतेक साऱ्या माद्या. बत्तीस-तेहेतीस अंशांवर बहुतेक नर. तेव्हा बैठकीच्या खोलीत दोन डबे आणि एक उष्णतामापक ठेवला की एकाच जोडीपासून पुढची जोडी घरच्या घरी तयार. बाहेरून नवा नर आणायचा खर्च कशाला? बारा बाय दहाच्या खोलीत आणि पाच-सहा वर्षांच्या मुदतीत एखादा हौशी तरुण नकळत चार-पाच पिढ्यांचा असा संसार उभा करतो, की त्यातला जो तो दुसऱ्याचा भाऊ, काका, मेहुणा आणि जावई एकदमच असतो.

रंगाच्या हावेपायी असा संसार आपल्या देशात एकदा मोठ्या दिमाखात उभा राहिला होता, आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. ही गोष्ट पालीची नाही, वाघाची आहे.

१९५१ सालच्या मे महिन्यात रेवा संस्थानचे महाराज मार्तंडसिंह यांना विंध्य प्रदेशातल्या रानात एक पांढरा बछडा मिळाला. त्याचे नाव मोहन. गोविंदगडच्या राजवाड्यात त्याला ठेवले. मोठा झाल्यावर त्याला बेगम नावाची नेहमीच्या रंगाची वाघीण दिली. तीन वेतांत दहा बछडे झाले, आणि दहाच्या दहा पिवळे! पांढरा रंग दडलेला होता. आईची शाबूत प्रत त्याला वर येऊ देत नव्हती. मग महाराजांनी मोहनला त्याची स्वतःचीच लेक, राधा, हिच्याशी जुळवले. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी राधेला चार बछडे झाले. राजा, राणी, मोहिनी आणि सुकेशी. चारही शुभ्र! साऱ्या जगात डंका वाजला. राजा-राणी दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेले. मोहिनी अमेरिकेला गेली आणि १९६० सालच्या डिसेंबरात अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यापुढे व्हाइट हाउसच्या अंगणात उभी राहिली.

तिथे तिला जोडीदार हवा होता. जो दिला त्याचे नाव सॅम्सन. हा सॅम्सन म्हणजे राधेचा सख्खा भाऊ. अर्थात मोहिनीचा मामा. पण त्याचा बाप मोहन आणि मोहिनीचाही बाप मोहन; अर्थात तो तिचा सावत्र भाऊही! आमच्या मामाच्या मुलीच्या चालीलाही लाज वाटावी असे हे लग्न. पुढे जगभरच्या पिंजऱ्यांतून जे पांढरे वाघ दिसू लागले त्यांतले फार मोठे खटले या एका मोहनच्या घराण्यातले. काहींचे घराणे वेगळेही आहे. ओरिसातल्या नंदनकाननला १९८० साली पिवळ्या आईबापांच्या पोटी पांढरे बछडे जन्मले ते मोहनच्या वंशातले नव्हते.

पांढऱ्या वाघांत तिरळेपणा वारंवार दिसू लागला तेव्हा शास्त्रज्ञ त्याच्या मागे लागले. १९७३ साली गिलरी आणि कास या दोघांनी एका पांढऱ्या वाघाच्या मेंदूची तपासणी करून दाखवले, की डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे तंतू वाट चुकून भलत्याच बाजूला गेले आहेत. सयामी मांजरांतही हाच दोष असतो. म्हणजे तिरळेपणा हा रंगाच्याच गाठोड्यात बांधून आलेला. त्याखेरीज टाळूचे, पाठीच्या कण्याचे, पायांचे दोष आणि पोरवयातले मृत्यू हे मात्र नात्यातल्या जुगणीचे देणे होते. २०१३ साली पेकिंग विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढले, की वाघ पांढरा होण्यास एका जनुकातला एकच बदल पुरे होतो. एका अक्षराचा फरक! आणि त्या एका अक्षरासाठी माणसाने सारा ग्रंथ खिळखिळा केला. अमेरिकेतल्या मान्यवर प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने तर २०११ पासून आपल्या सभासदांना पांढऱ्या वाघांची मुद्दाम पैदास करण्यास मनाई केली आहे.

आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही पांढरा वाघ होता. त्याचे नाव बाजीराव. कित्येक वाचकांनी मुलांना खांद्यावर बसवून तो दाखवला असेल. नोव्हेंबर २०१९ मध्ये, अठरा वर्षांचा होऊन, तो वार्धक्याने गेला. वाघाला अठरा वर्षे हे चांगलेच आयुष्य. तेव्हा प्रत्येक पांढरा वाघ रोगीच निपजतो असे म्हणणे खोटे ठरेल. नात्यातली जुगण म्हणजे शाप नव्हे, तो जुगार आहे. एखादा डाव लागतोही. आणि जो लागतो त्याचाच फोटो छापला जातो. हरलेले डाव पिंजऱ्यामागे राहतात.

पालींच्या धंद्यात याहून निराळी अशी एक दुसरी भानगड आहे, आणि हौशी माणसाने हे दोन प्रकार वेगळे ओळखायला शिकले पाहिजे. पहिला प्रकार वर सांगितला. दडलेले दोष नात्यामुळे उघडे पडणे. बाहेरचे रक्त आणले की तो पुष्कळसा निवळतो. दुसऱ्या प्रकारात खुद्द रंगच आजार घेऊन येतो. तिथे आईबाप एकमेकांना किती का परके असेनात, रंग आला की रोग आला.

याचा जगजाहीर दाखला म्हणजे ‘लेमन फ्रॉस्ट’ नावाची बिबट्या पाल. २०१५ च्या सुमारास अमेरिकेत एका पैदासकाराकडे लिंबावर दहिवर पडावे अशा रंगाचे एक पिलू निघाले. लोक वेडे झाले. मोठमोठ्या किमती आल्या, पिलांची पिले झाली. मग काही महिन्यांनी अंगावर पांढऱ्या गाठी दिसू लागल्या. तो होता रंगपेशींचा कर्करोग! कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी या पालींचा अभ्यास करून २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. हा रंग धारण करणाऱ्या शंभरपैकी ऐंशीहून अधिक पालींना सहा महिने ते पाच वर्षांच्या आत गाठी येतात. रंगाला कारण असलेले जनुक आणि गाठींना कारण असलेले जनुक एकाच जागी सापडले, आणि तेच जनुक माणसाच्या काही कर्करोगांशीही संबंधित आहे. कित्येक जाणत्या पैदासकारांनी हे कळताच हा रंग काढणे बंद केले, हे त्यांच्या श्रेयाचेच मानले पाहिजे.

‘एनिग्मा’ नावाचा रंग असाच. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ कोडे. आणि खरोखरच त्या पालीला जग हे कोडे होऊन बसते. मान एका बाजूला कलते, ती गोल गोल फिरत राहते, समोरचा किडा धरायला झेप घेते ती भलतीकडेच. घाटकोपरच्या आमच्या एका स्नेह्यांच्या मुलाकडे अशी पाल मी पाहिली. एवढीशी ती, पेटीच्या मध्यावर चकरा मारीत होती. मुलगा कौतुकाने सांगत होता, “काका, ही नाचते. दुकानदार म्हणाला, ही नाचणारी जात आहे.” मुलाचे वय दहा. त्याच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी नंतर तिला पशुवैद्याकडे नेले. हा मज्जातंतूंचा जन्मजात दोष आहे आणि त्याला औषध नाही, एवढेच कळले. मुलगा आता तिला नाकतोडा चिमट्याने अगदी तोंडाशी धरून भरवतो. तो ‘नाचते’ हा शब्द पुन्हा वापरत नाही.

दाढीवाल्या सरड्याचीही हीच तऱ्हा. हा बिअर्डेड ड्रॅगन मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तो देश आपले रानटी प्राणी विक्रीसाठी बाहेर जाऊ देत नाही, आणि हा नियम १९६० च्या दशकापासूनचा आहे. म्हणून जगातल्या दुकानांत जे दिसतात ते आडमार्गाने बाहेर गेलेल्या थोड्याशा सरड्यांची लेकरे-नातवंडे. आडात पाणीच बेताचे. त्यात ‘लेदरबॅक’ म्हणजे कमी खवल्यांची जात निघाली, आणि दोन लेदरबॅक जुळवले की चारातले एक पिलू ‘सिल्कबॅक’ निघते; अंगावर खवलेच नाहीत, रेशमासारखी कातडी. हाताला छान लागते. पण खवले हे सरड्याचे चिलखत. ते काढून घेतले की ती कातडी फाटते, दिव्याने भाजते आणि कात टाकताना बोटांना फास बसतो. आपल्या हाताला रेशीम लागावे म्हणून त्या बिचाऱ्याने आयुष्यभर उघडे राहायचे.

इथे एक खुलासा आवश्यक आहे, नाहीतर उद्या प्रत्येक वाकडी शेपटी पाहून लोक आजोबा-पणजोबांना दोष देतील. प्रत्येक व्यंग रक्तातले नसते. कॅल्शियम कमी पडले तर हाडे मऊ होऊन वाकतात. अंडी उबवताना उष्णता चुकली तरी पिलू अधू निघते. ते दोष आपल्या हातचे, आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने टाळता येण्याजोगे. पण एकाच जोडीच्या वेतामागून वेतात तोच दोष येऊ लागला, की मनातल्या पालीचे ऐकावे.

निसर्गात हे कसे चालते, असे कोणी विचारील. निसर्गातही हीच शिक्षा आहे. स्वीडनमधल्या वालुका-सरड्यांवर शास्त्रज्ञांनी बारकाईने लक्ष ठेवले, तेव्हा सख्ख्या भावंडांच्या पिलांत व्यंगे दिसून आली. त्याच देशात स्मिगेहुक नावाच्या ठिकाणी फुरशाच्या भाऊबंदांपैकी एका विषारी सापाची वस्ती शेतांच्या वेढ्यात एकाकी पडली होती. पिले मेलेली किंवा वाकडीतिकडी निघत, वस्ती संपत आली. १९९२ साली दुसरीकडून वीस नर आणून तिथे सोडले. चार हंगाम ते पाहुणे राहिले. थोड्याच वर्षांत निरोगी पिलांची संख्या एकदम वाढली आणि उजाड होत आलेले घर भरले. औषध नाही, इस्पितळ नाही. फक्त परगावचे जावई!

आपल्या ओरिसातल्या सिमिलीपाल अरण्यात काळे वाघ दिसतात, त्याचेही मूळ असेच. ते वाघ इतर अरण्यांतल्या वाघांपासून तुटले आहेत. थोड्यांतच सोयरीक होते, आणि जो रंग इतरत्र जवळजवळ सापडत नाही तो तिथे तीनातल्या एका वाघावर चढला आहे. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली हे जनुकावरून दाखवले. पर्यटक टाळ्या वाजवतात. जाणत्यांना काळजी वाटते.

या बाबतीत आम्हां उपनगरवासीयांच्या दाराशीच एक मोठा धडा फिरतो आहे. बोरिवली-मुलुंड-ठाण्याच्या मधोमध शंभरावर चौरस किलोमीटरचे रान, आणि त्यात चाळीस-पन्नास बिबळे. चोहोबाजूंना माणसांचा समुद्र. ते बिबळेही कोंडले गेले, तर त्यांचीही तीच गत व्हायची. पण २००९ साली ‘आजोबा’ या नावाने प्रसिद्ध झालेला एक नर बिबळ्या, गळ्यात यंत्राचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला गेला आणि सुमारे एकशेवीस किलोमीटर चालून बोरिवलीच्या रानात येऊन दाखल झाला. महामार्ग ओलांडले, रेल्वेरूळ ओलांडले, वस्त्यांशेजारून गेला, आणि वाटेत कोणाच्या केसालाही धक्का लावला नाही. घाटापासून आपल्या अंगणापर्यंत वाट अजून शाबूत आहे एवढे त्याने दाखवून दिले. २०११ साली रस्त्यावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर पुढे मराठी चित्रपटही निघाला. ज्यांना आपण उपद्रवी पाहुणे समजतो ते वाटसरू नर म्हणजे त्या रानाचे परगावचे जावईच असतात. वाट बंद केली की सोयरीक बंद.

पिंजऱ्यातल्या जनावराला अशी वाट नसते. त्याची वाट माणसालाच चालावी लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये बोरिवलीच्या उद्यानाने आपली वाघाची जोडी जुनागडच्या सक्करबागेला दिली आणि तिथून सिंहाची जोडी आणली. लोकांना वाटले, नवा तमाशा आला. पण प्राणिसंग्रहालयांच्या अशा देवाणघेवाणीमागचा विचार सोयरिकीचाच असतो. अशा प्राण्यांच्या वंशावळ्या डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत लिहिल्या जातात. आपल्या नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत जशी घराणी लिहिलेली असतात तशाच. कोण कोणाचा कोण, हे पाहूनच जोडी ठरते.

सिंहाला जी वही आहे ती दुकानातल्या पालीला नाही. आणि माझे म्हणणे एवढेच आहे, की ती वही आपण मागावी. दिवाळीच्या ओवाळणीत किंवा वाढदिवसाला कोणी असला प्राणी घ्यायचे म्हणत असेल, तर पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हिचे आईबाप कोण, आणि ते दाखवता का? त्यांचे एकमेकांशी नाते काय? या रंगाबरोबर कोणता आजार येतो? आणि अंडी कोणी, कुठे उबवली? दुकानदाराने ‘परदेशी माल आहे’ एवढेच उत्तर दिले तर नमस्कार करून बाहेर पडावे. नाचणारी, रेशमी, दहिवराची असली नावे ऐकली तर न विचारताच बाहेर पडावे. रानातल्या पालीचा साधा पिवळा रंग काळ्या ठिपक्यांचा. तो असलेली पाल स्वस्त मिळते आणि बहुधा सुखाने जगते. जोडी घेऊच नये. घेतलीच तर एकाच डब्यातली, एकाच दुकानातली घेऊ नये. आणि अंडी झाली म्हणून ती उबवलीच पाहिजेत असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही.

कायद्याचीही एक गोष्ट ध्यानात असावी. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती अंमलात आली. आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला परदेशी प्राणी घरी असेल तर त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. तो दुसऱ्याला दिला, त्याला पिले झाली, तो मेला, तरी कळवावे लागते. हिरवा इग्वाना या यादीत आहे. आपला प्राणी यादीत येतो की नाही हे वन खात्याकडे विचारूनच पुढचे पाऊल टाकावे. पुष्कळांना ही कटकट वाटते. मला विचाराल तर जन्ममृत्यूची ही नोंद म्हणजे त्या हरवलेल्या वहीचे पहिले पान आहे. आपल्या रानातली घोरपड मात्र घरात आणण्याचा विचारही करू नये. तो सरळ गुन्हा आहे.

घाटकोपरच्या त्या मुलाने परवा मला विचारले, “काका, दुसरी आणताना काय बघू?” मी म्हटले, “रंग शेवटी बघ. आधी ती सरळ चालते का ते बघ, आणि किडा पहिल्या झेपेत धरते का ते बघ.” त्याने ते वहीत लिहून घेतले, आणि खाली आपल्या आधीच्या पालीचे नाव, दुकानातून आणल्याची तारीख आणि रंग लिहिला. आईबापांच्या जागी त्याने दोन रेघा मोकळ्या सोडल्या आहेत.